कात्रीने लावलेला क्रम

गॅलरीच्या मागच्या खोलीत नवऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण लावता लावता तिने त्याला पुन्हा एकदा विचारलं, "पहिलं काय?"

"नळ," तो म्हणाला.

"मग?"

"मग आरसे. मग कापड. मग तू. मग खिडकी." त्याने हनुवटी वर करून बटणाला वाट करून दिली. "मला काय शाळेत घातलंयस का गं, कात्री?"

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. ढीगभर चित्रीकरणातून नको ते कापायचं आणि हवं ते जोडायचं, हा तिचा आयुष्यभराचा उद्योग, आणि जिभेलाही धार बरी होती. स्टुडिओतली पोरं तिला मागून कात्री म्हणायची. नवऱ्याने तेच तोंडावर म्हणायचं धाडस केलं आणि मग ते नाव कायमचं चिकटलं. व्हिडिओच्या कलेत आज ज्याचं नाव आदराने घेतात त्या या माणसाची एकूण एक कामं तिच्या हाताखालून गेली होती. हे तो सगळीकडे सांगायचा, आणि तीही नको नको म्हणत बसणाऱ्यांतली नव्हती.

बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. दारावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कलावंत आणि त्याच्यावरचे प्रभाव'. त्याच्या निवडक कामांतले तुकडे पडद्यावर दाखवायचे आणि प्रत्येक तुकडा कुठून सुचला हे त्याने स्वतः सांगायचं, असा बेत होता. एरवी अशा कार्यक्रमाला ती मेकअपशिवाय आणि काळजीशिवाय गेली असती. आज सकाळपासून तिने त्याला हेच कितीदा तरी विचारलं होतं.

कारण तो विसरत होता. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं, ते तर सगळेच करतात. हा मात्र चष्मा हातात घेऊन तो कशासाठी असतो म्हणून बघत राहायचा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा तो शेजारच्याच खुर्चीत होता. लिफ्टमधून उतरताना ती म्हणाली, "हे कुणाला सांगायचं नाही. लेकीलासुद्धा नाही."

"काय सांगायचं नाही?" त्याने विचारलं.

तेव्हा तिला हसू आलं होतं. आता तो प्रसंग आठवला की त्या हसण्याचा तिला राग येई.

लपवायला कारण होतं. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेल्या एका ध्वनिमुद्रकाचं असंच झालं होतं. बातमी फुटली आणि लोक त्याच्याशी मोठ्याने, सावकाश, लहान मुलाशी बोलतात तसं बोलायला लागले. पुढे पुढे तर त्याच्याशी बोलेनातच, त्याच्या देखत त्याच्याविषयी बोलू लागले. त्या माणसाचे कान शेवटपर्यंत तयार होते, त्याला सगळं ऐकू येत होतं. आपल्या नवऱ्याच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, हे कात्रीने तेव्हाच ठरवून टाकलं.

मग वेळ मारून नेण्यात ती पटाईत झाली. दुसऱ्या गावात राहणारी लेक फोन करायची तेव्हा ती त्याच्या कानाला फोन लावून शेजारी उभी राहायची. "बरी आहेस ना? जेवलीस का?" एवढं तो छान म्हणायचा, आणि बाप मुळातच घुमा म्हणून लेकीला त्यात वावगं वाटायचं नाही. भेटायला येणाऱ्यांना कात्रीने कामाचं निमित्त सांगून दारातून परतवलं. एकदा ती भाजी आणायला गेली असताना तो घरच्या चपलांवर बाहेर पडला आणि जुन्या स्टुडिओच्या बस थांब्यावर जाऊन बसला. कोपऱ्यावरच्या वाण्याने त्याला हाताला धरून घरी आणलं. तेव्हापासून बाहेर जाताना ती दाराला बाहेरून कुलूप लावू लागली. सोबतीला कुणाला बसवावं, तर त्याला कारण सांगावं लागणार. कुलूप बरं, ते काही विचारत नाही. मात्र आवाज होऊ नये म्हणून ती कडी बोटाने धरून हळूच सरकवायची आणि कुलूप मुठीत दाबून बंद करायची. तो आत टीव्हीपुढे बसलेला असे. त्याला याचा पत्ता नाही, अशी तिची खात्री होती.

आजच्या कार्यक्रमाला होकार त्यानेच दिला होता, ती आंघोळीला गेलेली असताना. गॅलरीच्या संयोजिकेचा फोन आला आणि हा भला माणूस "अवश्य, अवश्य" म्हणून मोकळा झाला. कात्रीने डोकं पुसत पुसत हे ऐकलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. नाही कळवावं, तर का म्हणून विचारणार. शिवाय त्याचा चेहरा असा उजळला होता, की तिला नाही म्हणवेना.

मग तिने आपल्या धंद्यातली युक्ती काढली. रोज जेवण झालं की ती दिवाणखान्यात तुकडे लावायची. नळ पडद्यावर आला की ती नळाची गोष्ट सांगायची आणि त्याच्याकडून म्हणवून घ्यायची. मग आरसे, मग कापड. चित्र दिसलं की त्याला गोष्ट सुचेल, हा हिशेब. सुरुवातीला तिच्या नाकी नऊ आले. मग हळूहळू त्याला जमू लागलं, शब्दसुद्धा त्याचेच परत येऊ लागले, जुने, मिश्कील. शेवटच्या दिवसांत तर ती नुसती बसून ऐकायची. खूप दिवसांनी घरात तिचा नवरा बोलत होता.

तुकड्यांचा क्रम तिने ठरवला होता, सोप्याकडून अवघडाकडे. तो तिने गॅलरीला पाठवूनही दिला होता.

दार उघडून संयोजिका आत आली. हुशार, कामसू पोरगी, गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर धावपळ. "सर, चला. हॉल भरलाय. मॅडम, तुम्ही सरांच्या शेजारीच बसा, तुम्ही म्हणाला होतात तसं."

हॉल खरोखरच भरला होता. दुसऱ्या रांगेत लेक बसली होती, मुद्दाम रजा काढून आली होती, मांडीवर फुलं घेऊन. तिने बापाला हात केला. बापानेही हात केला. तो कुणालाही करायचा, पण लेक सुखावली. कात्रीने ते पाहिलं आणि नजर खाली घातली.

संयोजिकेने माईक हातात घेतला. सरांचं मोठेपण सांगून झालं. मग ती म्हणाली, "तुकड्यांचा क्रम आधी वेगळा होता. पण नव्या प्रेक्षकांना सरांचा प्रवास उलगडत जावा म्हणून आम्ही आज दुपारी ते कालक्रमाने लावून घेतले. सगळ्यात जुनं काम आधी, सगळ्यात नवं शेवटी." आणि तिने कात्रीकडे बघून मान हलवली, केलेलं काम दाखवावं तशी.

दिवे मंद होत होते. कात्रीने मनाला समजावलं, की आपण त्याला चित्रावरून शिकवलंय. चित्र दिसलं की गोष्ट येईल. क्रम कुठलाही असो.

पडद्यावर कापड आलं. दुकानाच्या बैठकीवर ताग्यामागून तागा उलगडत होता, दोन हात ते पसरत होते, पुन्हा गुंडाळत होते. त्याचे वडील कापड दुकानात नोकरीला होते. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे तागे उलगडायचे आणि न घेता ती उठली, की पुन्हा गुंडाळायचे. ही गोष्ट त्याला घरी तोंडपाठ होती.

त्याने पडद्याकडे बघितलं. घसा साफ केला.

"हा नळ बघा," तो म्हणाला. "आम्ही एका खोलीत राहायचो आणि नळ सगळ्या मजल्याला मिळून एकच. मी त्याच्यापुढे बादली घेऊन बसायचो. नळ टपटपायचा आणि पलीकडच्या घरातला रेडिओ ऐकू यायचा. बघायचो पाणी आणि ऐकायचो भाषण. तेव्हा मला कळलं, की डोळे एकीकडे आणि कान दुसरीकडे, अशी माणसाला सवयच असते."

पुढच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग दाढीवाले एक समीक्षक हलकेच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा."

कारण याच गोष्टीसाठी तर त्याचं नाव झालं होतं. चित्र एकाचं, आवाज दुसऱ्याचा. बाजाराचं चित्र आणि रुग्णालयातले आवाज, समुद्राचं चित्र आणि शिलाई यंत्राचा आवाज. लोकांना वाटलं, म्हातारा आज आपल्यासमोर बसून ते जिवंत करून दाखवतोय. माना डोलू लागल्या.

कात्रीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अहो, कापड," ती कुजबुजली. "कापड आहे समोर."

ते त्याच्या माईकमधून हॉलभर गेलं.

"मध्ये बोलू नकोस," तो जुन्या तोऱ्यात म्हणाला, स्टुडिओत म्हणायचा तसा. हॉल हसला. लेकही हसली.

पडद्यावर नळ आला. तो म्हणाला, "माझ्या मामाचं केशकर्तनालय होतं. दोन्ही भिंतींना आरसे." आणि थेंब थेंब गळणाऱ्या नळावर तो एकात एक दिसणाऱ्या शेकडो मामांची गोष्ट सांगत राहिला.

आता कात्रीच्या लक्षात आलं, आणि आलं ते असं की तिला तिथल्या तिथे आपलंच थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं. पाढे म्हणणाऱ्या पोराला मधलाच आकडा विचारला तर ते पहिल्यापासून सुरू करतं. त्याने चित्रं पाठ केली नव्हती. त्याने पाढा पाठ केला होता. इतक्या दिवसांत तिने एकदाही तुकडे मागेपुढे करून बघितले नव्हते, कारण तिच्या मनात तसं आलंच नाही. एकदा लावलेला क्रम तिच्या लेखी पक्का असायचा, तो हलवायची तिला सवयच नव्हती. दुसऱ्या कुणी, अगदी लेकीनेसुद्धा, शिकवलं असतं तरी ही चूक झाली नसती. पण दुसऱ्या कुणाला तिने शिकवू दिलं असतं तर ना.

खिडकीचं चित्र आलं आणि त्याने कापडाची गोष्ट सांगितली. आरसे आले. पडद्यावर मामाची कात्री कचकच चालत होती, आणि हा सांगत होता, "हिला मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ही कापत होती. मी विचारलं, किती कापणार? ही म्हणाली, जेवढं वाईट आहे तेवढं. मी म्हटलं, मग माझं काही उरायचं नाही." हॉल खो खो हसला. पडद्यावर गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचे केस गळत होते. टाळ्या पडल्या. तो खूश झाला. त्याचे डोळे चमकत होते आणि तो टाळ्यांकडे असा बघत होता, जसं कुणी खूप दिवसांनी घरी आलंय.

निभावलं की, कात्रीला वाटलं. घाबरून काय उपयोग, निभावतंय. एवढा एक तुकडा राहिला. लोक घरी जातील, उद्या छापून येईल, आणि कुणाला काही कळणार नाही. तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मगच तिला आठवलं, की कालक्रमाने लावलं तर शेवटी कोणता तुकडा येतो.

शेवटी ती आली.

ते त्याचं शेवटचं पूर्ण काम होतं, आजार कळायच्या जरा आधीचं. त्याने तिच्या संगणकाच्या पडद्यावर कॅमेरा बसवला होता. ती कामात बुडालेली, आणि अख्ख्या भिंतीएवढा तिचा चेहरा समोर बघतोय. डोळ्यांत पडद्याचा उजेड, ओठ किंचित हलतायत, मध्येच कपाळाला आठी पडते आणि जाते. एवढंच, खूप वेळ.

त्याने वर बघितलं. तो त्या चेहऱ्याकडे बघतच राहिला. लोकांना ते थांबणंही आवडलं.

"माझी आई रुग्णालयात परिचारिका होती," तो म्हणाला, आणि कात्रीला जरा धीर आला, कारण ते तिने शिकवलेलं वाक्य होतं. "तिला कामावर जायचं असायचं. मी खिडकीत बसून वाट बघायचो. रस्ता दिसायचा. काही घडायचं नाही. काही न घडणाऱ्या गोष्टीकडे किती वेळ बघता येतं, ते मी तिथे शिकलो."

इथे गोष्ट संपत होती. घरी इथेच संपायची. तिने टाळ्यांसाठी हात जवळही आणले.

"ती मला आत ठेवून जाते," तो पुढे म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता आणि डोळे भिंतीवरच्या चेहऱ्यावर होते. "बाहेरून कुलूप लावते. पण हळू लावते. कडी धरून धरून. मला कळू नये म्हणून. मला कळतं. मी दाराला कान लावून उभा असतो." त्याने मान कलती केली, दाराशी ऐकावं तशी. "मी कधी दार वाजवलं नाही. वाजवलं असतं, तर तिला कळलं असतं, की मला कळतं. तिला वाईट वाटलं असतं."

दाढीवाल्या समीक्षकांनी चष्मा काढला. आईच्या आठवणीवर बायकोचा चेहरा, याहून मोठं ते काय असणार? मागून टाळ्या सुरू झाल्या आणि लोक उठून उभे राहू लागले. लेक रडत होती आणि रडता रडता टाळ्या वाजवत होती.

कात्री बसून होती. त्याची आई कामावर जाताना नातलगांना बसवून जायची, कुलूप कधी लावत नव्हती, हे तिला त्यानेच सांगितलं होतं. साऱ्या संध्याकाळभरात एकाच ठिकाणी चित्र आणि गोष्ट एकाच माणसाची होती, आणि ते तिच्याशिवाय कुणालाच समजलं नव्हतं. तिला लाज वाटली. इतकी, की समोर भिंतीएवढा दिसणारा स्वतःचा चेहरा तिला बघवेना. हा माणूस दारापाशी उभा राहत होता, रोज, आणि ती जिन्यावरून उतरताना आपल्या हलक्या हाताचं कौतुक करत होती.

"मॅडम," संयोजिका माईक पुढे करून म्हणाली. "सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारते. चित्र आणि गोष्ट अशी एकमेकांपासून सोडवायची, ही कल्पना सरांची की तुमची? आम्ही क्रम बदलला, आणि सरांनी ऐन वेळी इतकं सुंदर..."

समोर मोकळी वाट होती. "त्यांची," एवढं म्हणून ती सुटली असती. आयुष्यभर नको ते कापत आलेल्या बाईला एक वाक्य कापायला किती वेळ लागतो?

तिने माईक घेतला.

"कल्पना कुणाचीच नाही," ती म्हणाली. "मी यांच्याकडून गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या. क्रम बदलला आणि ते चुकले. ते विसरतात. आजार आहे, बरा व्हायचा नाही. मी कुणाला सांगितलं नाही, लेकीलाही नाही. आणि सांगितलं नाही म्हणून मी बाहेर जाताना यांना कोंडून जाते. ते आईविषयी बोलत नव्हते."

उभे राहिलेले लोक उभेच राहिले. काही जणांच्या टाळ्या अजून चालू होत्या, त्या एकेक करून थांबल्या. संयोजिकेने तोंडावर हात नेला. तिला दोष द्यावा असं कात्रीला मुळीच वाटलं नाही. लेक रांगेतून वाट काढत पुढे येत होती आणि तिच्या हातातली फुलं खुर्च्यांना अडकत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते रागाचं होतं की दुःखाचं, ते कात्रीला कळेना. दोन्ही असलं तरी तिचा हक्क होता.

"संपलं का?" नवऱ्याने विचारलं.

"संपलं."

"चांगलं झालं?"

"तुम्ही चांगलं बोललात," ती म्हणाली, आणि हे काही समजूत काढायला नव्हे.

तो समाधानाने मान हलवत उठला. मग कपाळाला आठी घालून काहीतरी शोधायला लागला, एक खिसा, दुसरा खिसा. "घराची किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

त्याने हात पुढे केला. लेक येऊन उभी राहिली होती आणि आईकडे बघत होती. कात्रीने पर्स उघडली, किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून हाताने चाचपून बघितली. घरी पोचेपर्यंत ती हरवणार, हे तिला ठाऊक होतं. तिने ती परत मागितली नाही.